परबकाकांची निळी बादली

गणपतीच्या देखाव्यासाठी उंदरांचे दीडशे सापळे विकत आणणारा लालबागमधला मी पहिला, आणि बहुधा शेवटचा सेक्रेटरी. क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीतला दुकानदार सापळे मोजता मोजता म्हणाला, "शेठ, गोडाऊन कितना बडा है?" मी ऐटीत म्हणालो, "गोडाऊन नहीं, गणपती है." तो मोजायचा थांबला आणि त्याने माझ्याकडे जे पाहिलं, तिथेच मला कळायला हवं होतं. पण कळायला हवं तेव्हा न कळणं हा माझा जुना गुण आहे. बारावीच्या फिजिक्सने तसा लेखी दाखलाही दिलेला आहे.

सापळ्यांचं काय झालं ते सांगतो. पण त्याआधी परबकाका सांगायला हवेत, कारण सापळे ही अक्कल त्यांची होती. म्हणजे सापळ्यांची कल्पना त्यांची आणि ते बाप्पासमोर मांडायचं शहाणपण माझं.

दत्ताराम परब आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून राहायचे. उंची बेताची, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि उजवा हात दर पाच मिनिटांनी छातीवरच्या खिशाकडे. खिशात काही नसायचं. चौतीस वर्षं तिथे किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला लावायची सवय. रिटायर होताना बिल्ला परत केला, हात तेवढा परत द्यायचा राहिला.

काका उत्तरेकडे समुद्रकाठच्या अणुवीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये होते. आठवड्याला एकदा घरी यायचे. चाळीने त्यांचं नाव ठेवलं होतं 'बॉम्बवाले परब'. चाळीच्या लेखी अणू म्हणजे बॉम्ब. मग तुम्ही त्याच्यावर पाणी उकळून वीज काढा नाहीतर अंडी उकडा.

पाणी उकळून वीज, हे मी गमतीने लिहिलेलं नाही. मला वाटायचं, अणूमधून वीज थेट वायरीतच शिरत असणार. काकांना तसं म्हटलं तर ते इतके हसले की चहा बशीत सांडला. "अरे मेल्या, गिरणीत बॉयलर होता ना? तसाच. पाणी तापतं, वाफ होते, वाफ चक्र फिरवते. तिथे खाली कोळसा, इथे युरेनियम. तुझ्या आजोबांनी केलं तेच मी केलं, फक्त धूर नाही आणि मधली सुट्टी नाही."

ते घरी आले की जिन्यातून कोणीतरी विचारायचं, "काय परब, काय झालं आठवडाभर?"

"काही नाही झालं."

हे ते ज्या अभिमानाने म्हणत, तो अभिमान मी शतक ठोकून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरही पाहिलेला नाही. एकदा मी म्हटलं, "काका, चौतीस वर्षांत काहीच झालं नाही? मग केलंत काय?"

"तेच केलं," काका म्हणाले. "काही होऊ दिलं नाही. आमच्या धंद्यात पेपरात नाव आलं की समज धंदा बुडाला."

ते घरी असले की त्यांच्या घरातलं दूध कधी उतू गेलं नाही. दूध तापवायचं काम त्यांचं. दोन्ही हात मागे बांधून ते पातेल्यासमोर उभे राहत. साय फुगून काठाला आली की गॅस एवढासा कमी. खाली बसली की एवढासा जास्त. "वाढलं तरी वाईट, बसलं तरी वाईट," ते स्वतःशीच पुटपुटत. मी एकदा त्यांचं बघून आमच्या घरी प्रयोग केला. दोन्ही हात मागे बांधले हे बरोबर केलं, पण वेळेला ते सुटले नाहीत. आईने ओटा पुसायला मलाच लावलं.

आता बादली.

परबांच्या मोरीत दोन बादल्या होत्या. एक स्टीलची, घरची. एक निळी प्लॅस्टिकची, काकांच्या कपड्यांची. काकू त्यांचे कपडे चौतीस वर्षं, आणि काका रिटायर झाल्यावरही, वेगळ्या बादलीत भिजवायच्या, वेगळे धुवायच्या, आणि गॅलरीतल्या सगळ्यात टोकाच्या दोरीवर वाळत घालायच्या. त्या दोरीवर काकांचे कपडे सोडून दुसरं चिरगूटही पडत नसे. आमची आईसुद्धा आपली उशीची खोळ वाऱ्याने तिकडे गेली तर हळूच ओढून घ्यायची.

काकूंचा काकांवर राग नव्हता. भीती होती. लग्न झालं तेव्हा केंद्राच्या वसाहतीत दोन खोल्यांचं घर मिळत होतं, झाडंबिडं होती. काकू म्हणाल्या, "मी थंय येवचंय नाय. तुम्ही जावा, शनवारी येवा." मग काका चौतीस वर्षं शनवारी येत राहिले. एका चुलीचा संसार आठवड्यातून एका दिवसाचा झाला. वाद कधी नाही, भांडण नाही. फक्त बादली.

काकांनी समजावलं नाही असं नाही. "अगो, तिथले कपडे तिथेच काढून ठेवतो. दारात यंत्र आहे, हात-पाय तपासल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत." काकू म्हणायच्या, "यंत्रान काय ता सांगितला, आनी तुम्ही आयकलास!"

एकदा काकांनी शास्त्राच्या जोरावर हल्ला केला. "तू उगाच घाबरतेस. किरणोत्सर्ग काय फक्त आमच्याकडेच असतो? जमिनीत असतो, भिंतीत असतो. अगो, केळ्यातसुद्धा असतो, थोडासा."

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या दिवसापासून परबांच्या घरात केळं आलं नाही. श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण होता, तिथे काकूंनी प्रसादाचा शिरा हातावर घेतला, बोटाने चाचपला आणि आईला विचारलं, "केळा घातलास काय गो?" आई म्हणाली, "केळ्याशिवाय प्रसाद होतो काय?" काकूंनी देवाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि डोळे मिटून एकदाचा गिळला. काका दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बादली घालवायला गेलो, केळी घालवून बसलो."

मला अणू कळला तो त्यांच्यामुळे, आणि तोही चाळीच्या भाषेत. युरेनियमचा गाभा म्हणजे आधीच खच्चून भरलेली खोली. त्यात एक न्यूट्रॉन पाहुणा आला की खोलीची दोन बिऱ्हाडं होतात, भरपूर उष्णता निघते, आणि दोन-तीन न्यूट्रॉन धक्क्याने बाहेर पडतात. ते शेजारच्या खोल्यांत शिरतात. "म्हणजे आपल्या चाळीतली बातमी," काका म्हणाले. "एकीने दोघींना सांगितली, दोघींनी चौघींना. अर्ध्या तासात चाळ पेटते की नाही?"

"मग तिकडे पेटत कशी नाही?"

"इंदूआत्या."

इंदूआत्या तळमजल्यावर राहायच्या. गिरणीत आयुष्य गेलेलं, एकट्या. चाळीतली प्रत्येक बातमी त्यांच्यापर्यंत पोचायची आणि तिथे संपायची. ऐकायच्या, मान हलवायच्या, पुढे अक्षर नाही. "भट्टीत असे दांडे असतात," काका म्हणाले. "न्यूट्रॉन गिळून गप्प बसणारे. आत घातले की बातमी मरते, थोडे बाहेर काढले की चालते. एकीची बातमी पुढे एकीलाच पोचली पाहिजे. दोघींना नाही, आणि शून्यालाही नाही. एवढं सांभाळलं की झाली वीज."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, जी मला पटायला दोन दिवस लागले. न्यूट्रॉन सुसाट असला तर बहुतेक वेळा नुसताच निघून जातो. त्याला पाण्यातून नेऊन दमवावा लागतो. दमलेला न्यूट्रॉन बरोबर घरात शिरतो. मी म्हटलं, "उलटं कसं?" काका म्हणाले, "जिन्यातून धावत सांगितलेली बातमी कोणाला लागते? तीच नळावर, बादली भरता भरता सांग." पाणी तिथेही लागतं, हे बघून मी फिजिक्सला मनातल्या मनात पास करून टाकलं.

काका स्वतःला 'फोडायच्या खात्यातला माणूस' म्हणत. त्यांचा जीव मात्र दुसऱ्या खात्यात होता. जोडायच्या. पुस्तकात एकाला विखंडन म्हणतात, दुसऱ्याला संमीलन. सूर्य जोडून चालतो. हलके हलके गाभे एकत्र येतात आणि त्यातून ऊर्जा निघते. पण ते सहजी येत नाहीत, एकमेकांना ढकलतात. "आपला बाबी राणे आणि त्याचा भाऊ," काका म्हणत. "गावच्या आंब्याच्या झाडावरनं बोलत नाहीत. त्यांना एका खोलीत कोंडायचं तर कोटी-कोटी अंश तापमान लागेल. आणि एवढं तापलेलं ठेवणार कुठल्या भांड्यात? तिथेच घोडं अडलंय."

"मग येणार कधी?"

"मी नोकरीला लागलो तेव्हा सांगत होते, तीस वर्षांनी. आता सांगतात, तीस वर्षांनी. शब्दाचे पक्के आहेत."

त्याच सुमाराला आमच्या चाळीचं रिडेव्हलपमेंट ठरत होतं, आणि बिल्डरही शब्दाचा तितकाच पक्का होता. दर गणपतीला तो पुढच्या दिवाळीची चावी द्यायचा. माझी आणि काकांची पैज लागली की आधी काय येणार, चाळीचा टॉवर की सूर्याची वीज. मी टॉवर धरला. काका म्हणाले, "मी सूर्य धरतो. तो निदान कुठेतरी चालू तरी आहे."

परदेशात एका प्रयोगशाळेत लेझरच्या माऱ्याने जोडणी जमली आणि आत ओतल्यापेक्षा जास्त ऊर्जा निघाली, अशी बातमी आली, तेव्हा मी पैज हरलो समजून पेपर घेऊन वर धावलो. काकांनी चष्मा लावून सगळं वाचलं. डोळे चमकले. मग पेपर घडी करून परत दिला. "चांगलं आहे. मोठं काम आहे. पण हे लाडवाचं रवा-तूप मोजलंय, गॅस मोजला नाही. ते लेझर पेटवायला किती लागलं ते बघ. पैज चालू."

शेवटी चाळ रिकामी करायची तारीख ठरली. पुढच्या उन्हाळ्यात. म्हणजे हा जुन्या चाळीतला शेवटचा गणपती. देखाव्याची मीटिंग भरली. बाबी राणे अध्यक्ष, मी सेक्रेटरी. नेहमीप्रमाणे किल्ला की देऊळ यावर भांडण चालू असताना, कधीही मीटिंगला न येणारे परबकाका दारात उभे राहिले.

"यंदा अणू करूया," ते म्हणाले.

बाबी म्हणाला, "काका, बॉम्ब? बाप्पाच्या समोर?"

"बॉम्ब नाही रे. तेच तर दाखवायचं आहे, की बॉम्ब नाही."

मीटिंग संपल्यावर ते मला गॅलरीत घेऊन गेले. टोकाच्या दोरीवर त्यांचे दोन शर्ट एकटेच हलत होते. "सेक्रेटरी," ते म्हणाले, "चाळ सुटायच्या आधी ती बादली सुटली पाहिजे. नव्या घरात ती बादली न्यायची नाही मला. तुझ्या काकूला मी सांगून कळलं नाही. चार लोकांत बघून कळलं तर बघू."

मी म्हटलं, "काका, सोडा माझ्यावर." ही माझी दुसरी जुनी खोड.

काकांची योजना सोपी होती. लाकडी पट्टीवर स्प्रिंगचा चाप असतो तसले सापळे एका काचेच्या पेटीत दाटीने मांडायचे. प्रत्येकावर टेबल टेनिसचे दोन चेंडू. वरून एक चेंडू टाकायचा. एक चाप उडतो, दोन चेंडू उडतात, ते आणखी दोन चाप उडवतात, आणि बघता बघता पेटीत हलकल्लोळ. हे विखंडन. संमीलनासाठी शेजारी एक रिकामं स्टूल, त्यावर पाटी: 'लवकरच येत आहे'. ही पाटी मी बिल्डरच्या फलकावरून अक्षर न् अक्षर उतरवली होती.

प्रतिष्ठापनेच्या आदल्या दिवशी मी मखराच्या पायथ्याशी, बरोबर बाप्पाच्या पावलांखाली, काचेच्या पेटीत दीडशे सापळे ओळीने मांडले. चार वेळा बोट चेमटलं. मांडून झाल्यावर दोन पावलं मागे सरकून कौतुकाने बघत उभा राहिलो. पाठीमागे इंदूआत्या येऊन थांबल्या होत्या. कधीही आपणहून न बोलणाऱ्या इंदूआत्या म्हणाल्या,

"बाप्पाचं वाहन कुठे बसणार रे?"

मी सापळ्यांकडे पाहिलं. मग बाप्पाच्या पायाशी हात जोडून बसलेल्या उंदराकडे पाहिलं. 

पाच मिनिटांत सबंध मंडळ जमलं. बाबी तर मखरासमोर आडवाच झाला. "ए सेक्रेटरी, बाप्पाला आमंत्रण द्यायचं आणि त्याच्या गाडीला सापळा लावायचा? अक्कल गावी ठेवून आलास काय?" कोणी म्हणालं, "दीडशे लावलेत, एक पुरला असता!" कोणी माझ्या सात पिढ्यांचा उंदरांशी संबंध जोडला. सापळे पोत्यात भरले गेले. देखावा गेला, रिकामं स्टूल आणि पाटी तेवढी उरली. आणि पायरीवर काकू उभ्या होत्या. त्यांनी एकदा काकांकडे बघितलं आणि त्या वर निघून गेल्या. मोरीतून निळी बादली सरकवल्याचा आवाज खालपर्यंत आला.

मी काकांसमोर मान खाली घालून उभा राहिलो. "काका, वाट लावली मी."

काकांचा हात खिशाकडे गेला, रिकामा खिसा चाचपून परत आला. "गडबड झाली की पहिलं काय करायचं, माहीत आहे? काही करायचं नाही. आधी काटे वाचायचे." ते मांडवभर बघत राहिले. बायका उद्याच्या तोरणांसाठी झेंडू ओवत बसल्या होत्या. चार टोपल्या झेंडू. "सापळे कशाला पाहिजेत?" काका हळूच म्हणाले. "चाळ आहे की."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आरतीनंतर, काकांनी साठेक माणसं मांडवात दाटीने उभी केली. प्रत्येकाच्या हातात झेंडूची दोन फुलं. नियम एकच. तुम्हाला फूल लागलं की हातातली दोन्ही फेकायची, कुठेही, डोळे मिटून. काकांनी एक फूल वर उडवलं. ते बाबीच्या टकलावर पडलं. बाबीची दोन सुटली, मग चार, मग मला मोजता आली नाहीत. दहा-बारा सेकंदांत मांडव पिवळा झाला, किंकाळ्या, हशा, आणि सगळे हात रिकामे.

"हा बॉम्ब," काका म्हणाले. "ह्याच्याशी माझा संबंध नाही. आता माझं काम बघा."

परत फुलं वाटली. या वेळी माणसांच्या मधे मधे बायका उभ्या केल्या, पदर पसरून. फूल आलं की पदरात घ्यायचं, गप्प राहायचं. इंदूआत्या अर्थातच मधोमध. एका ठिकाणी माणूस कमी पडला म्हणून मला उपरणं देऊन उभं केलं. काकूंना कोणी बोलावलं नव्हतं. त्या पायरीवरून उतरल्या आणि माझ्या शेजारी पदर धरून उभ्या राहिल्या.

पहिलं फूल उडालं. एक इथे, एक तिथे. कुठे जास्त झाली तर पदर पुढे सरकायचे, कमी झाली तर काका हाताने खूण करून एखादीला मागे घ्यायचे. फुलं उडत राहिली, पण एका चालीत, आरतीच्या टाळीसारखी. सगळा मांडव गप्प होऊन बघत होता. तेवढ्यात एक फूल माझ्या उपरण्यात पडलं. गिळून गप्प बसायचं एवढंच काम होतं. पण मी जन्मात गप्प बसलोय कधी? ते उचलून मी जोरात भिरकावलं. दर्शनाला आलेल्या बिल्डरच्या माणसाच्या कानावर बसलं. तो आधीच आमची 'लवकरच येत आहे' पाटी वाचून लाल झाला होता. त्यानेही कुठूनतरी दोन फुलं उचलली. आमच्या बाजूला एकदम भडका उडायला लागला.

"सगळे दांडे आत!" काका ओरडले.

मला खांद्याने बाजूला ढकलून काकू पुढे झाल्या. दोन्ही हातांनी पदर ताणून त्यांनी एक, दोन, तीन, चार फुलं झेलली. सगळ्या बायका आत सरकल्या. मांडव शांत. हवेत एकही फूल नाही.

काकू पदरातल्या फुलांकडे बघत होत्या. मग त्यांनी काकांना विचारलं, हळू आवाजात, पण मी शेजारीच होतो.

"म्हंजे चवतीस वर्सां तुम्ही ह्या करी होतात? पदर धरून उभे?"

"हो," काका म्हणाले. "पदर धरून उभा."

"माका वाटायचा, तुम्ही फुलां उडवतास."

 काकांचा हात खिशाकडे गेला नाही, एवढं मी पाहिलं.

टाळ्या वाजल्या. बाबीने मला माफ केलं. माणसं पांगली आणि मांडवात फक्त तुडवलेला झेंडू उरला. "आता हा कचरा?" मी विचारलं. काका एकदम गंभीर झाले. "हा प्रश्न मात्र खरा आहे हां. आमचं जळलेलं इंधन हजारो वर्षं सांभाळून ठेवावं लागतं. त्याचं मी कोणाला गमतीत उत्तर दिलं नाही." मग माझ्या हातात खराटा दिला. "तुझ्या कचऱ्याला मात्र अर्धा तास पुरे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत गॅलरीत आलो. टोकाची दोरी रिकामी होती. निळ्या बादलीत काकू तोरणांसाठी आंब्याचे डहाळे भिजवत होत्या. शेजारी सुपात, आरतीच्या प्रसादासाठी, एक डझन केळी होती.

चाळ सुटली. टॉवर अजून व्हायचा आहे. काका-काकू शीवला भाड्याच्या खोलीत गेले. काका आता नाहीत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथेच, एका रविवारी सकाळी, खाली रस्त्यावरून. ते पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभे होते.

मी खालून हाक मारली, "काय काका, काय झालं?"

"काही नाही झालं!" तोच अभिमान. "टॉवर कुठवर आला रे?"

"बाविसाव्या मजल्यावर अडकलाय!"

"शाब्बास! पैज चालू!"

ते दोरीशी झटत होते. वाऱ्याने त्यांच्या पांढऱ्या शर्टाची बाही आणि काकूंचं हिरवं लुगडं एकमेकांत पीळ पडून गुंतलं होतं. काका एक टोक सोडवायचे, दुसरं अडकायचं. आतून काकूंचा आवाज आला,

"रवांदेत ओ. सुकतले तशेच."